रद्द न झालेली ड्रॉइंगं

मोहोपाड्याच्या एका केमिकल कंपनीत मी रेकॉर्ड रूम सांभाळते. लग्न होऊन कर्जतला आले आणि थोड्याच दिवसांत इथे लागले. तेव्हापासून काम एकच. मागेल त्याला कागद काढून द्यायचा आणि परत आला की जागेवर ठेवायचा. लोकांना वाटतं हे बसून खायचं काम आहे. त्यांना एकदा जून महिन्यात त्या खोलीत बसवावं, म्हणजे ओल आलेल्या फाइली उचलून उचलून खांदे कसे दुखतात ते कळेल.

सकाळी कंपनीची बस कर्जतच्या चार फाट्यावर येते. चौक गाव येईपर्यंत मी डोळे मिटून असते. झोप लागत नाही, नुसते मिटलेले. गेली काही वर्षं मला सकाळीच थकवा येतो. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं बरोबर निघालं. ते म्हणाले, वय झालं आता. मी पन्नाशीतली बाई, मला ते पटलं आणि नाहीही पटलं.

हेड ऑफिसमधून हुकूम आला की सगळे कागद क्लाउडवर चढवायचे, तेव्हा पहिल्यांदा मला बरंच वाटलं. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या कुठल्यातरी मोठ्या कॉम्प्युटरवर घेतलेली भाड्याची जागा, एवढं मला माहीत होतं. म्हटलं, जातायत ना कागद दुसऱ्याच्या जागेत, जाऊ देत. पण ते आपोआप जात नाहीत. मार्चपासून गणपतीपर्यंत मी रोज स्कॅनरसमोर उभी होते. आधी पिना काढायच्या, घड्या सपाट करायच्या, मग एकेक पान आत सोडायचं. प्लांटची मोठी ड्रॉइंगं, म्हणजे पाइपलाइनींचे नकाशे, ती तर चादरीसारखी उलगडून दोन तुकड्यांत घ्यावी लागायची. संध्याकाळी घरी गेले की नवरा ताटात पिठलं-भात वाढून ठेवायचा. तो रेल्वेतून रिटायर झालाय, गुडघे गेलेत, पण स्वयंपाकाला उभा राहतो. मी जेवता जेवता डुलकी घ्यायची आणि तो पाण्याचा तांब्या हळूच पुढे सरकवायचा.

स्कॅनिंग करताना मी माझी एक पद्धत ठेवली होती. वरच्या कप्प्यांत चालू ड्रॉइंगं, खालच्या कप्प्यांत जुनी. प्लांटमध्ये एखादी लाइन बदलली की नवं ड्रॉइंग वर यायचं आणि जुनं खाली जायचं. जुनं मी फेकत नाही, कधी चौकशी निघते, कधी सरकारी माणूस मागतो. तर आधी वरचे कप्पे स्कॅन केले, कारण लोकांना तेच लागतात. खालचे सगळ्यात शेवटी. त्यात चूक वाटावी असं काही नव्हतं.

गणपतीनंतर हेड ऑफिसमधून एक मुलगी आली. पुण्याची, तिशीच्या आतली, पाठीला भलीमोठी बॅग. तिचं काम म्हणजे ह्या फाइलींवर शोधायचं यंत्र बसवणं. यंत्र म्हटलं तरी डोळ्यांना दिसेल असं काही नव्हतं. तिने मला शेजारी बसवून नीट समजावलं. माझ्याशी इतक्या सावकाश बोलणारं हेड ऑफिसचं ते पहिलंच माणूस.

ती म्हणाली, "मॅडम, कंपनीने एआय एजंट घेतलेत, म्हणजे सांगितलेलं काम स्वतः करणारे प्रोग्रॅम. एक जण कामाचं पर्मिट, म्हणजे काम कसं करायचं त्याची लेखी परवानगी, लिहिणार, एक जण ऑडिटच्या प्रश्नांना उत्तरं देणार, एक देखभालीचं वेळापत्रक लावणार. पण ह्या एजंटना तुमच्या प्लांटचं काहीच माहीत नाही. कोणी काम सांगितलं की ते आधी सर्चला विचारणार, ह्या विषयाच्या फाइली दे. सर्च क्लाउडमधून दोन-चार फाइली काढून देणार. मग एजंट त्या वाचून पुढचं लिहिणार."

"म्हणजे सर्च म्हणजे मी," मी म्हटलं.

ती हसली. "हो, तसंच."

मी तिला कप्प्यांचं सांगितलं. एकाच लाइनची दोन-तीन ड्रॉइंगं असतात, जुनी खाली ठेवते, असं सगळं. आणि विचारलं, "तुमच्या ह्याच्यात वरचा कप्पा, खालचा कप्पा असतं का?"

"कप्पे नसतात मॅडम. सगळ्या फाइली एकाच ठिकाणी. पण प्रत्येकीला तारीख असते. दोन सारख्या फाइली दिसल्या की ते नवीन तारखेची आधी घेतं."

"जुन्यावर रद्द असं लिहिलेलं नसलं तर?"

"तारखेवरून कळेल त्याला."

ते मलाही पटलं. तिने लॅपटॉप मिटला, आम्ही कँटीनला जाऊन चहा घेतला. तिला आमच्या रसायनी पट्ट्यातला केमिकलचा वास सहन होत नव्हता, ओढणी नाकाला लावून बसली होती. मी म्हटलं, मला आता येतच नाही वास.

यंत्र सुरू झालं आणि त्याचा सगळ्यात मोठा चाहता निघाला आमचा मेंटेनन्सचा सुपरवायझर. मी त्यांना दादा म्हणते. खालापूरकडच्या एका गावचे, फिटर म्हणून लागले आणि चढत चढत सुपरवायझर झाले. आमची लोकं, त्यामुळे रेकॉर्ड रूमच्या दारात आले की आधी "जय भीम ताई" आणि मग काम. एवढ्या वर्षांत दिवसाआड त्यांचा फेरा असायचा. ड्रॉइंग मागायचे, मी काढेपर्यंत स्टुलावर बसून गावातल्या बातम्या सांगायचे. कोणाची जमीन फार्महाऊसवाल्यांनी घेतली, कोणाचा पोरगा परदेशी गेला.

आता ते फोनवर बोलून विचारायचे. लिहायचा कंटाळा. "आरं, तीन नंबर रिअ‍ॅक्टरची ष्टीम लाइन कुठून येते दाव," असं त्याला आपल्या गावच्या माणसासारखं सांगायचे आणि त्याला ते कळायचं. ड्रॉइंग फोनवर यायचं, पर्मिट लिहून तयार. एकदा मुद्दाम मला दाखवायला आले.

"बघा ताई. तुमाला उटायला नको, मला जिना चढायला नको."

"मग बातम्या कोण सांगणार?" मी म्हटलं.

"त्या सांगाया येईन की," ते म्हणाले. पण माणूस काम नसताना तेवढा जिना चढत नाही. हळूहळू फेरे थांबले. रेकॉर्ड रूममध्ये पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. मला काम कमी झालं होतं आणि तरी घरी जाताना अंग तेवढंच दुखायचं.

दिवाळीच्या अलीकडचा दिवस. दुपारच्या जेवणाची वेळ होत आली होती, मी डबा काढत होते. सेफ्टी ऑफिसर जिन्याने पळत वर आला. तो कधी पळत नाही.

"तीन नंबरच्या स्टीम लाइनचं ओरिजिनल ड्रॉइंग द्या. आत्ताच्या आत्ता."

मी वरच्या कप्प्यातून काढून टेबलावर पसरलं. त्याने खिशातून घडी घातलेला एक प्रिंट काढला आणि शेजारी ठेवला. तोही तीन नंबरच्याच स्टीम लाइनचा होता. पण दोन्ही सारखी नव्हती. माझ्या ड्रॉइंगवर कोणीतरी लाल पेनाने एक बारीक जादा पाइप काढलेला होता, व्हॉल्व्हच्या अलीकडून निघून व्हॉल्व्हच्या पलीकडे जाऊन मिळणारा. व्हॉल्व्ह बंद केला तरी त्या पाइपातून वाफ वळसा घालून पुढे जाणार. प्रिंटवर तो पाइप नव्हताच.

"काय झालं?" मी विचारलं.

"भाजले," तो म्हणाला. त्याने दादांचं नाव घेतलं.

लाइनीचं गॅस्केट गळत होतं. गॅस्केट म्हणजे दोन पाइपांच्या जोडात बसवतात ती चकती. ती बदलायचं साधं काम. एजंटने त्या प्रिंटवरच्या ड्रॉइंगवरून पर्मिट लिहिलं, अमुक व्हॉल्व्ह बंद करा, मग जोड उघडा. दादांनी व्हॉल्व्ह बंद केला, जोडाचे बोल्ट सैल केले. वाफ दुसऱ्या वाटेने येऊन थांबलेली होती. डाव्या हातावर आली, बोटांपासून कोपराच्या वरपर्यंत. चेहरा त्यांनी फिरवला म्हणून वाचला.

मी खाली गेले तेव्हा गाडी निघून गेली होती. जमिनीवर ओलं होतं आणि त्यांचा एक बूट तसाच पडला होता. कोणी उचलत नव्हतं. मी उचलला आणि सिक्युरिटीच्या केबिनमध्ये ठेवून आले. डबा तसाच राहिला.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "तू जाऊन ये त्यांना बघायला."

"जाईन."

"उद्याच जा."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून गेले. नव्या मुंबईतल्या भाजलेल्यांच्या दवाखान्यात ठेवलं होतं. आत कोणाला सोडत नव्हते. बाहेर बाकड्यावर वहिनी बसल्या होत्या, दादांच्या पत्नी. मी त्यांना आधी एक-दोनदा पाहिलं होतं, जयंतीच्या कार्यक्रमात. हातात बिस्किटांचा पुडा होता, फोडलेला नव्हता. मी शेजारी बसले. 

मग त्या म्हणाल्या, "हे शुद्धीवर हायेत. बोलतात. म्हनतात, मशीननं जुनं ड्रॉइंग दाकवलं."

"हो."

"मशीनला ड्रॉइंगं कोनी दिली?"

"मी."

"मंग बगून नाय दिली?"

"सगळी दिली वहिनी. बरोबर पण आणि जुनी पण."

"जुनी कशाला दिली?"

ह्याला उत्तर होतं, पण ते लांबलचक होतं. सगळे कागद चढवा असा हुकूम होता, तारखेवरून कळेल असं सांगितलं होतं, जुने कागद टाकायचे नसतात. ती तीन वाक्यं मी मनात जुळवली आणि मग बोलले नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. थोड्या वेळाने पुडा फोडून दोन बिस्किटं माझ्या हातावर ठेवली, माझ्याकडे न बघता. मी खाल्ली. मग निघाले.

आठवड्याने मीटिंग लागली. प्लांटचे साहेब, सेफ्टी ऑफिसर, हेड ऑफिसची माणसं, ती पुण्याची मुलगी आणि मी. चौकशीचा मसुदा पडद्यावर दाखवला. तोही एजंटनेच लिहिलेला होता, सगळ्या फाइली शोधून. मसुद्यात एक वाक्य होतं, रेकॉर्ड विभागाने जुन्या ड्रॉइंगवर रद्द अशी खूण केलेली नव्हती. त्यात खोटं काही नव्हतं. खरंच केलेली नव्हती. खालच्या कप्प्यात ठेवलं म्हणजे रद्द, हे माझ्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं आणि माझ्या खोलीबाहेर कोणालाच नाही.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलायला तोंड उघडलं, पण ती मुलगी आधी बोलली.

"सर, मॅडमनी मला हे विचारलं होतं. जुन्यावर रद्द लिहिलेलं नसेल तर कसं कळणार म्हणून. मी म्हटलं तारखेवरून कळेल."

"मग का नाही कळलं?"

"कारण फाइलींना ड्रॉइंगची तारीख नाही लागली. स्कॅन केल्याची तारीख लागली." तिचा आवाज जरा बारीक झाला. "मॅडमनी चालू ड्रॉइंगं आधी स्कॅन केली आणि जुनी नंतर. त्यामुळे सर्चला सगळी जुनी ड्रॉइंगं नवी वाटतात. आणि नव्यावरचा बदल लाल पेनाने, हाताने काढलेला आहे. तो त्याला वाचताच येत नाही. हे मी तपासायला हवं होतं."

 साहेब म्हणाले, "म्हणजे नेमकी चूक कोणाची?"

 सेफ्टी ऑफिसर म्हणाला की जोड उघडण्याआधी लाइन डोळ्यांनी पाहायचा नियम आहे, तो पाळला गेला नाही. तेही खरं होतं. तिथे बसल्या बसल्या मला एवढंच वाटत होतं की प्रत्येकाने आपापलं काम जवळजवळ बरोबर केलं होतं, आणि एक माणूस दवाखान्यात हात बांधून पडला होता. ती मुलगी बोलली नसती तरी भागलं असतं. मीटिंग संपल्यावर मी तिच्याजवळ गेले. ती बॅग भरत होती. मी नुसता तिच्या खांद्यावर हात ठेवला. पुढे तिला आमच्या कामावरून दुसरीकडे घेतलं. कशामुळे, ते मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

ठरलं असं की जुनी ड्रॉइंगं वेगळी होईपर्यंत प्रत्येक पर्मिटसोबत कागदावरचं ओरिजिनल लागेल. म्हणजे सगळे पुन्हा माझ्या जिन्यावर. आणि वेगळी कोण करणार, तर मीच. दिवसभर लोकांना कागद काढून द्यायचे आणि मधल्या वेळात कॉम्प्युटरवर एकेक ड्रॉइंग उघडून बघायचं, हे चालू की रद्द. डोळ्यांतून पाणी यायचं. चष्म्याचा नंबर वाढला. साहेबांना म्हटलं, एक माणूस द्या. ते म्हणाले, बघतो.

नवीन वर्ष लागल्यावर त्यांनी माणूस दिला. दादाच होते ते. हात भरून आला होता, पण बोटं पुरती मिटत नव्हती. पाना धरता येत नव्हता, म्हणून हलकं काम, म्हणून रेकॉर्ड रूम. भाजलेली कातडी दबून राहावी म्हणून हातावर कोपराच्या वरपर्यंत घट्ट मोजा घालावा लागायचा. दारात आले, जय भीम म्हणाले, त्याच स्टुलावर बसले. मला वाटलं होतं की आता खोलीत परत बातम्या येतील. तसं झालं नाही. ते गप्प असायचे. कागद उजव्या हाताने उलटायचे आणि खिडकीतून प्लांटकडे बघायचे.

"हितं बसून मी काय करू ताई? मी प्लांटवरचा मानूस."

"मी इथेच बसलेय एवढी वर्षं," मी म्हटलं. मलाही राग आला होता.

"तुमचं येगळं."

"काय वेगळं?"

त्यांनी पुढचा कागद उलटला. त्या दिवशी आम्ही जेवायला वेगवेगळे बसलो.

पण काम दोघांना मिळून करावंच लागलं. ज्या ड्रॉइंगवर हाताने बदल केलेत, त्या प्रत्येकाला सर्चला वाचता येईल अशी एक ओळ टाइप करून जोडायची होती: कुठला पाइप वाढला, कुठला व्हॉल्व्ह काढला. लाल पेनाची ती अक्षरं कधी मला लागत नसत, कधी त्यांना. कोणी काढलंय तेच आठवायचं नाही. मग खाली जाऊन बघायचं. हेल्मेट घालून मी प्लांटमध्ये हिंडले, एवढ्या वर्षांत हिंडले नव्हते तेवढी. ड्रॉइंगात जी नुसती रेघ होती ती डोक्यावरून गरम होऊन जाताना दिसायची. दादा पुढे, मी मागे कागद घेऊन. काही ठिकाणी तेही चुकायचे, डोकं खाजवत उभे राहायचे, मग आम्ही पाइप धरून टोकापर्यंत जायचो.

तीन नंबरची वेळ आली तेव्हा ते खालच्या मजल्यावरच थांबले.

"तुमी जा फुडं. मी हाय हितं."

मी वर पाहिलं. लोखंडी जिना, जाळीची फळी, वर स्टीमची लाइन पांढऱ्या आवरणात. मला उंचीची भीती वाटते. पण त्यांचा चेहरा पाहून मी काही म्हटलं नाही. कागद काखेत धरून चढले. व्हॉल्व्ह सापडला. त्याच्या बाजूने तो बारीक पाइप खरंच वळसा घालून गेलेला होता, अंगठ्याएवढा, कोणाच्या लक्षातही येणार नाही असा. मी जवळ हात नेला तर ऊब लागली. मी खालपासून वरपर्यंत नजरेने तो पुन्हा पुन्हा तपासला, आणि तिथेच उभं राहून फोनमध्ये ती ओळ लिहिली. मग खाली उतरले.

"हाय?" त्यांनी विचारलं.

"आहे."

त्यांनी एकदा वर पाहिलं. मग म्हणाले, "रोज बगतो मी लाइन. हात लावायच्या आधी बगतोच. त्या दिवशी नाय बगितली. ड्रॉइंग हातात व्हतं ना."

आम्ही कँटीनला आलो. मी चहा आणला. मला त्यांना फार दिवस एक गोष्ट विचारायची होती, ती विचारली.

"दादा, तुम्ही त्या सर्चला अजून विचारता. फोनवर बोलताना ऐकते मी. राग नाही येत?"

"मशीनवर? नाय."

"मग कोणावर येतो?"

"कोनावर तरी यायलाच पायजे का?" ते म्हणाले. डावा हात त्यांनी मांडीवर ठेवला होता, बोटं अर्धवट वळलेली. "घरी ही पन हेच इचारते. तुमच्यावर व्हता तिचा राग. मी म्हनलं, अगं, ती बाई एकटी सा म्हैने कागद सोडत व्हती मशिनीत. तिला इचारायला एक मानूस व्हता का?"

मी चहाकडे बघत राहिले. एवढ्या महिन्यांत हे कोणी म्हटलं नव्हतं. घरीसुद्धा नाही, आणि मी स्वतःशीही नाही. रडू वगैरे आलं नाही. फक्त एकदम झोप आली, टेबलावर डोकं ठेवावं अशी. ते म्हणाले, "चला, चार नंबर राह्यलाय," आणि आम्ही उठलो.

होळीच्या सुमारास जुनी ड्रॉइंगं वेगळी झाली. क्लाउडमध्येच त्यांची वेगळी जागा केली, तिथे सर्चला जाता येत नाही. हेड ऑफिसने आणखी एक गोष्ट केली, ती आम्ही दोघांनी मागे लागून करून घेतली. एका लाइनीची दोन ड्रॉइंगं सापडली तर एजंटने एक निवडायचं नाही. दोन्ही दाखवायची, आणि खाली लिहायचं की नक्की सांगता येत नाही, जागेवर जाऊन लाइन बघा, बघितल्यावर सही करा. सुरुवातीला लोकांनी खरंच जाऊन बघितलं. आता कुरकुरतात, वेळ जातो म्हणतात. काही जण न बघता सही करत असतील, मला ठाऊक नाही. मी सेफ्टी ऑफिसरला अधूनमधून आठवण करून देते. तो हो म्हणतो.

दादांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. पान्याला पकड येत नाही म्हटल्यावर प्लांटवर परत जाणं नव्हतं, आणि खोलीत त्यांचा जीव रमला नाही. निरोपाला शाल, गुच्छ, साहेबांचं भाषण झालं. भाषण एजंटकडून लिहून घेतलेलं असावं, त्यांच्या सगळ्या बढत्या क्रमाने आल्या होत्या. अपघाताचा उल्लेख नव्हता. दादांना बोलायला सांगितलं तर ते उभे राहिले, "सगळ्यांचं बरं व्हवो," म्हणाले आणि बसले. जाताना रेकॉर्ड रूममध्ये आले. स्टूल उचलून भिंतीशी नीट लावून ठेवलं.

परवाच्या रविवारी नवऱ्याचे गुडघे दाखवायला खोपोलीला गेलो होतो. परत येताना खोपोलीच्याच शिळफाट्याला उतरलो, त्याला गरम काहीतरी खायचं होतं. तो हॉटेलात बसला आणि मी भाजी घ्यायला बाहेर आले, तर समोर दादा आणि वहिनी. भात कापून झालाय, आता वाल टाकलाय म्हणाले. ओझं उजव्या हातात होतं, डावा पाठीमागे. दिसायला बरे होते, उन्हाने काळवंडलेले.

वहिनींनी माझ्या हातातली पिशवी बघितली, मग माझ्याकडे.

"लय वाळलात तुमी."

"होतंय तसं."

"तुमच्या साहेबांचं गुडघं कसं हाय?"

"चालतंय. आत बसलेत."

"त्यांना घिऊन या यंदा पोपटीला," दादा म्हणाले. "वालाच्या शेंगा भरल्या की फोन करतो. शेतातच मडक्यात घालून भाजू."

"रजा मिळाली तर येऊ."

"रजा टाकायची ताई. कागद कुठं पळून जातात का?"

वहिनी त्यांच्याकडे बघून हसल्या. मग मला म्हणाल्या, "ते मशीन हाय अजून?"

"आहे."

"नीट चालतं?"

"चालतं," मी म्हटलं. "बघावं लागतं त्याच्याकडे."

त्यांनी मान हलवली. त्यांची गावाकडची सहा आसनी रिक्षा भरत आली होती, ते दोघं घाईने गेले. मी मेथीची जुडी घेतली. हॉटेलात आले तर नवरा मिसळ संपवून बसला होता, माझ्यासाठी पाव बाजूला ठेवलेला. मी त्याला पोपटीचं सांगितलं. तो म्हणाला, जाऊ या की, आणि मी समोर बसून तो पाव सावकाश खाल्ला.